लाल आहे, एवढंच?

उन्हाळा लागला की ओळखीपाळखीचे लोक रानझुडपांचे फोटो पाठवू लागतात. मधोमध लालचुटूक फळांचा घोस, मागे सगळं हिरवं धूसर आणि खाली प्रश्न, ‘हे कसलं झाड?’ नाव सांगणारी पानं नेमकी त्या धूसर भागात गेलेली असतात.

लाल रंगावरून नाव सांगणं कठीण, कारण तो रंग आहे पक्ष्यांसाठी. हिरव्या गर्दीत त्यांना तो चटकन दिसतो, म्हणून एकमेकांशी काडीचंही नातं नसलेल्या झुडपांनी तोच उचललाय. मग मी उलट विचारते: पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? तोडल्यावर चीक येतो? काटे? आत बिया किती? विचारणाऱ्याचा उत्साह इथेच मावळतो. त्याला नाव हवं असतं, आणि मी उलटतपासणी घेत बसते.

पण सगळी मजा त्या तपासणीतच आहे. कुंतीचं पान उजेडासमोर धरून बघा. सुईनं टोचल्यासारखे बारीक, आरपार ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की लिंबाच्या कुळातला वास येतो. आंबगुळीचं पान उलटं केलं तर खाली चंदेरी खवले, आणि बारकाईनं पाहिलं तर तसेच फळावरही. करवंदाला पांढरा चीक आणि टोकदार काटे. लाल तर त्याचा मधलाच मुक्काम. पिकल्यावर ते काळं होतं. फोटो थोडा उशिरा काढला असता तर ते माझ्यापर्यंत आलंच नसतं!

‘पक्षी खातात, म्हणजे चालत असणार’ हा तर्क मात्र भलताच धोक्याचा. ‘यू’ (yew) नावाच्या सूचिपर्णी झुडपाला लाल गराची इवलीशी वाटी असते. तो गर निरुपद्रवी, आतली बी जहरी. पक्षी ती न फोडता गिळतात आणि दुसरीकडे टाकून मोकळे होतात. मिरचीचा तिखटपणा तर त्यांना जाणवतच नाही. त्यामुळे नाव पक्कं होईपर्यंत चव घ्यायची नाही, यात मी तडजोड करत नाही.

काही झुडपं इतकं करूनही दाद देत नाहीत. मग फुलांची वाट बघायची. तोवर पक्ष्यांनी फळं फस्त केलेली असतात आणि लाल खूण गेल्यावर ते झुडूप चारचौघांत सापडत नाही. म्हणून शेजारचा एखादा मोठा दगड आधीच हेरून ठेवावा.