आमची वाटचाल : लातूर, डबा आणि उदगीरचे डॉक्टर

दवाखान्यांच्या एक्स-रे-सीटीच्या इमेजेस साठवायच्या आणि एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवायच्या, एवढंच आमचं काम. व्हिजिटिंग कार्डावर ‘हेल्थकेअर सोल्युशन्स’ छापा असं पुष्कळांनी सांगितलं. छापलं नाही.

माझा पहिला भागीदार डार्करूममधला माणूस. ओली फिल्म खिडकीशी धरून एक्स्पोजर कमी की जास्त ते सांगायचा. मला नेटवर्क कळायचं. एक छोटा कॉम्प्युटर, दोन हार्ड डिस्क, लिनक्स आणि ऑर्थँक एवढं जमवून आम्ही सुरुवात केली. ऑर्थँक हा बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात तयार झालेला डायकॉम सर्व्हर, म्हणजे डायकॉम या वैद्यकीय इमेजेसच्या ठरलेल्या फॉरमॅटमधल्या फाइल साठवणारं आणि पाठवणारं सॉफ्टवेअर, २०१२ पासून सगळ्यांना मोफत. लायसन्सचा खर्च नाही म्हणून तर आमच्यासारख्यांना जमलं. या सगळ्याला आम्ही आजही ‘डबा’च म्हणतो.

डबा दवाखान्यातच राहतो. सीटीची एक स्लाइस, म्हणजे शरीराच्या एका कापाची इमेज, साधारण अर्धा एमबी, चारशे स्लाइस झाल्या की २०० एमबी. २ एमबीपीएसच्या अपलोडला तेरा-चौदा मिनिटं, तीही लाइन टिकली तर. म्हणून डबा आधी लॉसलेस कॉम्प्रेशन करतो, म्हणजे इमेजमधलं काहीही न गमावता फाइल लहान करतो, मग रांगेत लावतो. लाइट गेली किंवा जेसीबीनं फायबर उचकटली, तर लाइन आल्यावर राहिलेल्या स्लाइस आपोआप जातात. डोक्याला मार लागलेला पेशंट उदगीरहून निघाला की तो लातूरला पोहोचायच्या आत त्याचा सीटी इथल्या न्यूरोसर्जनसमोर असतो.

मग ती कंपनी आली. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना ठाऊक आहे. मशीनसोबत क्लाउड स्टोरेज फुकट, पाटी चकाचक, सेल्समन टायवाला. आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडं गेली. ज्यांच्याकडे रात्री दोनला यूपीएस बदलायला गेलो होतो, तेही गेले. वर ‘ते कॉम्प्युटर रिपेअरवाले’ असं आमचं नाव पडलं. पगारासाठी बायकोची भिशी उचलावी लागली. भागीदार बाजूला झाला; घरात मुलीचं लग्न होतं, त्याला बोल लावत नाही.

उदगीरचे डॉक्टर तेवढे राहिले. त्यांनी त्या सेल्समनला एकच विचारलं, “उद्या तुम्हाला सोडलं तर माझ्या इमेजेस कशात देणार?” त्यानं ब्रोशर पुढं केलं. डॉक्टरांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि आम्हाला वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचे पैसे, आगाऊ दिली. त्या पैशांवर दुकान तगलं.

फुकटाची मुदत संपली आणि भाडं सुरू झालं. एका नर्सिंग होमनं जुन्या इमेजेस मागितल्या तर कंपनीनं जेपीईजी टेकवले. जेपीईजीवर विंडो, म्हणजे कोणत्या छटा उठून दिसाव्यात ते, बदलता येत नाही. मेंदूसाठी लावलेल्या विंडोत कवटीची बारीक चीर कशी दिसणार? मग रिपेअरवाल्यांना फोन सुरू झाले. उचलले. पण मनात राहिलंय.

जिथं डायकॉम मिळाले, तिथला डेटा लावतानाही घाम फुटला. एकाच पेशंटची तीन नावं: ‘जाधव पांडुरंग’, ‘पांडुरंग जाधव ४५ एम’, ‘जाधव पी’. नावाच्या रकान्यातच वय! जन्मतारखेवरून जुळवावं, तर निम्म्या मराठवाड्याला शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावलेली. पेशंट आयडी प्रत्येक दवाखान्यात १ पासून सुरू. तेव्हापासून आयडीच्या आधी दवाखान्याचा कोड लावल्याशिवाय आम्ही एकही फाइल दुसरीकडे पाठवत नाही.

विचारलं नाहीत तरी सांगतो. दोन डिस्कवर एकच डेटा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेलं दोन्हीकडून जातं. तिसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. डब्यावर पैसे घालण्याआधी अर्थिंग तपासा. एई टायटल, म्हणजे डायकॉमच्या नेटवर्कवरचं प्रत्येक मशीनचं नाव, सगळीकडे कॅपिटलमध्येच टाका, नाहीतर अर्धा दिवस ‘असोसिएशन रिजेक्टेड’ (जोडणी नाकारली) बघत बसाल. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर टाकून रेडिओलॉजिस्टकडून रिपोर्ट मागू नका. आणि सोडून जाताना सगळा डेटा डायकॉममध्येच मिळेल, हे सही करण्याआधी लेखी घ्या, आमच्याकडूनसुद्धा.

उदगीरच्या डॉक्टरांची एएमसी आजही जुन्याच दरानं चालू आहे. हे वाचून बाकीच्यांनी तो दर मागू नये.