यांना डेंग्यू झाला तेव्हा : ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नका

ज्यांच्या घरी सध्या कोणी तापानं पडून आहे त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा, कारण डेंग्यूमधे ताप चढलेला असतो तेव्हा आपण घाबरतो आणि उतरला की निवांत होतो, अन् खरा धोका बहुतेक वेळा उतरल्यावरच असते. हे मला आमच्या ह्यांच्या आजारपणात कळलं.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्ह्याकडचे. पोळ्याच्या आधीचे दिवस, सोयाबीन-कपाशीवर फवारणी चालू होती आणि हे पंप पाठीवर घेऊन दिवसभर वावरातच. एका संध्याकाळी आले ते थंडी वाजूनच, रात्री अंग तव्यासारखं तापलं, डोळ्याच्या मागं दुखते म्हणे, कंबर आणि सांधे तर उचलू देत नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "फवारलं नं बापा उन्हातान्हात, त्याचंच हाय हे." त्यांचंही चूक नाही, 2017 ला आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कितीक शेतकरी-मजूर गेले ते अजून कोणी विसरलं नाही. भाऊजी मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणायला निघालेच होते तेवढ्यात आशाताई दारात आल्या, गल्लीत तापाचे पेशंट किती ते लिहून राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, पॅरासिटॅमॉल सोडून दुसरी गोळी देऊ नका जी, आधी रक्त तपासून घ्या." आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन या दुखण्याच्या गोळ्यांनी डेंग्यूमधे रक्तस्राव वाढू शकते, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. मेडिकलमधे तर त्या मागितल्या की लगेच मिळतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर मॅडमनी आधी फवारणीचंच विचारलं, कोणतं औषध मारलं, तोंडाला लाळ सुटली का, खूप घाम आला का, डोळ्याच्या बाहुल्या पाहिल्या. तसं काही नव्हतं. मग रक्त घेतलं, डेंग्यूची एनएस1 टेस्ट पॉझिटिव्ह आली. ही टेस्ट तापाच्या पहिल्या पाचेक दिवसात कामाची असते, त्यानंतर आयजीएम नावाची दुसरी करावी लागते, म्हणून आठवडाभर घरगुती इलाज करून मग रक्त तपासायला जाऊ नका.

भाऊजींनी विचारलं, एखादं चांगलं अँटिबायोटिक नाही का. मॅडम म्हणाल्या, "अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते भाऊ, हा विषाणू आहे, त्याला मारणारं औषध नाही. पाणी पाजा आणि लक्ष ठेवा." लक्ष कशावर ते कागदावर लिहून दिलं : पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, काळी संडास, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, एकदम गळून जाणं नाहीतर अस्वस्थ होणं. यातलं एकही दिसलं तर रात्र असो की पाऊस, दवाखाना. तो कागद मी देव्हाऱ्याजवळ चिकटवला होता. ओआरएस, ताक, लिंबूपाणी, वरणाचं पाणी, थोडं थोडं करून पाजत राहिले आणि लघवी किती वेळा होते तेही पाहत राहिले.

मग ताप उतरला. घरात सगळ्यांचे चेहरे खुलले, हे म्हणाले उद्या वावरात जातो, आणि त्याच दुपारी पोट धरून बसले, उलट्या थांबेनात. मी कागद पाहिला अन् भाऊजींना म्हटलं गाडी काढा. तसंच यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं समजावून सांगतलं की साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधात, ताप उतरत असतानाच, काही जणांच्या रक्तवाहिन्यांतून पातळ भाग बाहेर झिरपते, रक्त घट्ट होते, बीपी पडते, आणि हे 24 ते 48 तास सांभाळले की बहुतेक माणूस त्यातून वाचते. म्हणून ते हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालं ते, पाहत होते आणि सलाईन मोजून मापून देत होते, जास्त दिली तर छातीत पाणी होते म्हणे. म्हणजे गावात ताप आला की सलाईन लावून द्या म्हणतात ते तसं नाही.

प्लेटलेट 31,000 वर आले तेव्हा आमच्याकडचे नातेवाईक प्लेटलेट चढवायच्या बॅगसाठी फोनवर फोन करायला लागले. डॉक्टर म्हणाले रक्तस्राव नसेल तर 10,000 च्या खाली गेल्याशिवाय सहसा बॅग लागत नाही. आणि लागली नाही. पपईच्या पानाचा रसही कोणी करून आणला होता, पण ज्याच्या पोटात पाणी ठरत नाही त्याला तो कडू रस कसा पाजायचा, मी ठेवून दिला.

आता डासाचं. हा नालीतला डास नाही, एडिस म्हणतात त्याला, पायावर पांढरे पट्टे, दिवसा चावते, आणि अंडी घालते घरातल्या साठवलेल्या पाण्यात. आमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून ड्रम, रांजण, टाकं सगळं भरलेलं राहते, आणि कूलर! उन्हाळा संपला तरी विदर्भात कूलर खिडकीतच, खाली पाणी तसंच. आशाताईंनी बॅटरी मारून दाखवलं, आमच्या कूलरमधे वळवळणाऱ्या अळ्या, ढोरांच्या टाक्यात, गोठ्यावरच्या टायरमधे, फ्रिजच्या मागच्या ट्रेमधेसुद्धा. अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, पण नुसतं पाणी फेकून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही कितीक महिने टिकतात, घासावंच लागते. पिण्याच्या ड्रमला कापड बांधायचं, जे टाकं रिकामं करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडायचे. ग्रामपंचायतची धूरवाली मशीन आली की लोकांना वाटते काम झालं, त्यानं उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात, हे मी बचत गटाच्या मीटिंगमधे सांगतलं आणि आता आमची गल्ली शुक्रवारी कोरडा दिवस करते.

अजून एक, पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. तापाच्या दिवसात त्याला चावलेला डासच पुढं लेकराबाळांना चावते.

हे आता बरे आहेत, अशक्तपणा मात्र बरेच दिवस राहिला, वेचणीला मजूरच लावावे लागले. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे, एकदा झाला म्हणजे बाकीच्या तिघांपासून सुटका नाही, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर जास्त जड जाऊ शकते असं डॉक्टरनं सुट्टी देताना सांगतलं, म्हणून यांचा रिपोर्ट आधार कार्डाच्या फाईलमधे ठेवला आहे, पुढं कधी ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरपुढं ठेवायला.