कोलारची कार्डं : अकरावं सापडलं

मागच्या नोंदीपर्यंत माझ्याकडे कोलार गोल्ड फील्ड्सची, म्हणजे कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणींच्या वस्तीतून गेलेली, नऊ जुनी पोस्टकार्डं होती, आता अकरा झाली. दहावं किरकोळ आहे. कुणा साहेबानं विलायतेला पाठवलेलं, सुबक अक्षरात उन्हाळ्याची कुरकुर. अशी बरीच मिळतात, कारण साहेबांची पत्रं जपून ठेवायला तिकडे घरं आणि कपाटं होती.

अकरावं राजवाड्याजवळच्या एका जुन्या नाण्यांच्या दुकानात मिळालं. होळकरी पैशांच्या डब्याखाली पडलेलं, दुकानदार म्हणाला, "मद्रासी है, ले जाओ." साठ रुपये. इंदूरला ते कसं आलं, देव जाणे.

टपालाचा शिक्का चॅम्पियन रीफ्सचा, म्हणजे कोलारच्याच एका खाणीचा. १९ डिसेंबर स्वच्छ दिसतं, वर्ष पुसलेलं. छापील तिकीट पंचम जॉर्जचं, पाव आण्याचं, म्हणजे १९११ च्या आधीचं नाही. १९२२ मध्ये कार्ड अर्ध्या आण्याचं झालं. याच्यावर जादा तिकीट नाही, आणि पोहोचल्यावर दंड घेतल्याचा शिक्काही नाही. तेव्हा मधल्या दहा-अकरा वर्षांतलं. (आधी मी नुसत्या राजाच्या डोक्यावरून १९३० म्हणून बसलो होतो. कार्डाचा दर आधी बघा, राजा नंतर.)

पत्ता उत्तर अर्काटातल्या गावाचा. खाणीत उतरणारे पुष्कळ जण तिथलेच. मजकूर तमिळ, म्हणून वरच्या मजल्यावरच्या आजींना गाठलं. नातवंडं त्यांना 'पाटी' म्हणतात, त्यावरून आमच्याकडे हसून झालंय. पाटींनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. अक्षर सराईत लिहिणाऱ्याचं, म्हणजे सांगून लिहून घेतलेलं. पाच रुपये मनीऑर्डरनं पाठवलेत. बैल विकू नका. तट्टीत पाणी येतं. पोंगलला सोडलं तर येईन.

'तट्टी' ऐकून माझा इंदुरी मुलगा फिस्सकन हसला. पण आपल्याकडे बांबूच्या तट्ट्या म्हणतात ना, तीच ही. कामगारांच्या वस्तीत तट्ट्यांच्या झोपड्या असत. एकीकडे १९०२ मध्येच शिवनसमुद्राहून दीडशे किलोमीटरच्या आसपास तारा ओढून खाणींना वीज आणलेली, आणि ह्याच्या घरात पाऊस.

सही? "तुमचा थोरला." बस्स. घरच्यांना नाव कशाला सांगायचं! मला मात्र तेच हवं होतं.

खाणीत उतरायच्या विहिरींना, म्हणजे शाफ्टना, नावं आहेत: गिफर्ड, एडगर. सगळी साहेबांची. चॅम्पियन रीफ पुढे ३ किलोमीटरच्याही खाली गेली, खडक अचानक फुटून माणसं दबायची. नोंदणीसाठी बोटांचे ठसे द्यायला लागले तेव्हा, १९३० मध्ये, कामगारांनी संपच केला. थोरला तेव्हा तिथे होता का, की बैलांकडे परतला होता, हे कार्डावरून कळत नाही.

कोलार म्हटलं की आपली मंडळी शहाजीराजांच्या जहागिरीवर बोलायला लागतात. बोला, पण मला आठवतात ते सराफ्यातले झारेकरी. पहाटे दुकानांपुढची धूळ झाडून, धुऊन सोन्याचा कण काढणारे. त्यांची तरी नावं कुठल्या वहीत आहेत?

बाकी प्रगती बेताची. सगळी कार्डं पीव्हीसीच्या पाकिटांतून काढून पॉलिएस्टरच्या पाकिटांत घातली. दोन कार्डांना आधीचं प्लास्टिक चिकटलं होतं, एकाची शाई गेली. माझाच आळस.

पाटी जिन्यात भेटल्या की विचारतात, "बैलाचं काय झालं?"

कुणाकडे १९२२ च्या आधीचा मारिकुप्पम किंवा उरगामचा (हीही कोलारच्या खाणींजवळचीच गावं) शिक्का असेल तर स्कॅन पाठवा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे माप घेता येईल.