होत्याच

सोमवार, रात्री सव्वाअकरा

झोप येत नाही म्हणून वही काढली. उजवा खांदा भरून आलाय, तळव्याला चटका बसला होता तिथं ठणकतंय. पण ते दोन दिवसांत उतरेल. कालचं एक वाक्य उतरत नाहीये.

"स्वयंपाकाला भगिनी होत्याच."

एवढंच. आमच्या चर्चमध्ये काल सगळ्यांचं एकत्र जेवण होतं, प्रीतिभोजन. ते झाल्यावर आभार मानायला जे उभे राहिले ते म्हणाले. मंडपवाल्यांचे आभार नावानं. कर्णे लावणाऱ्या पोरांचे नावानं. ज्वारीचं पोतं दिलं त्यांचं नाव दोनदा घेतलं, बाजारातून बकरी आणली त्या तिघांना उभं केलं. मग कागदाची घडी घालता घालता, "आणि स्वयंपाकाला भगिनी होत्याच." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

चिडण्यासारखं काय आहे त्यात, असं ह्यांनी रात्री विचारलं. खरंच, वाईट शब्द एकही नाही. मी मनात कितीदा म्हणून बघितलं. नुसतं 'होत्या' म्हणाले असते तर मी आत्ता झोपलेली असते. तो शेवटचा 'च' आहे ना, तो बोचतोय. आपल्या सोलापुरात नळाच्या पाण्याला कोणी 'होतंच' म्हणत नाही. ते तीन-चार दिवसांनी येतं, आलं की अख्खी गल्ली जागी होते. आम्ही मात्र होतोच.

पहाटे चारला गेलो होतो. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली की इथं ऊन चटकायला लागतं, त्यात तीन चुली आणि वर पत्रा. बावीस जणी. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी, पीठ इतकं सुरेख की भाकरी हातावर आपसूक फिरत होती. पाळकबाईंनी, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नीनं, टोपलीला पन्नास असा हिशेब ठेवला होता. आठ टोपल्या भरल्या, वर थोड्या उरल्या. त्यांचे गुडघे धरलेत, तरी उठल्या नाहीत.

आणि उपदेश कशावर होता, तर पाच भाकरी आणि दोन मासळ्या. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 14वा अध्याय. मी ऐकला तो मागच्या शेडमध्ये, कर्ण्यातून, पीठ मळता मळता. पाळकसाहेब बोलतात छान, त्यात वाद नाही. प्रभूनं लोकांना गवतावर बसवलं, आशीर्वाद मागितला, भाकरी मोडल्या, सगळे पोटभर जेवले, उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या. आणि शेवटची ओळ. जेवणारे पुरुष सुमारे पाच हजार, बायका-मुलं सोडून. ती ओळ ते नेहमीसारखी भरभर वाचून गेले. मी ती जन्मभर ऐकत आलेय, संडे स्कूलच्या पोरांकडून पाठ करून घेतलीय. काल पहिल्यांदा हात थांबला. पुरुष मोजले, टोपल्या मोजल्या, उष्टे तुकडेसुद्धा हिशेबात आले.

आज दुपारपासून बायबलातल्या त्या सगळ्या बिननावाच्या बायका एकेक करून दारात येऊन उभ्या राहिल्यासारखं वाटतंय. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याची सासू. तापानं पडलेली, प्रभूनं हात धरून उठवली, ताप निघाला आणि लगेच ती सगळ्यांच्या सरबराईला लागली. सासू, एवढंच. इफ्ताहाची मुलगी, बापाच्या नवसात गेली. बाप कोण हे जगाला माहीत, ती नुसती मुलगी. आणि शास्ते या पुस्तकाचा 19वा अध्याय, लेवी वंशातल्या एका माणसाच्या उपपत्नीचा. तो मी लग्नाआधी एकदा वाचला होता, आज पुन्हा वाचला. त्या लेवीनं तिला स्वतःच्या हातानं दाराबाहेर, जमलेल्या गुंडांच्या हाती, काढलं. सकाळी ती उंबऱ्यावर हात टाकून पडलेली, आणि तो म्हणतो, ऊठ, निघू या. मग तिचे बारा तुकडे करून इस्राएलभर पाठवले. या अध्यायावर एवढ्या वर्षांत आमच्या व्यासपीठावरून एकदाही उपदेश ऐकला नाही. मला त्यावर आत्ता लिहवत नाही.

प्रेषित पौलाचंही राहू दे. गेल्या ईस्टरला वाचन कोणी करायचं यावरून जे झालं, तेव्हा त्याच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं 'स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं' हे तोंडावर आपटलं होतं. त्याच पत्रात तीन अध्याय आधी बायकांनी प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं कसं झाकावं ते सांगितलंय. म्हणजे त्या बोलत होत्या की. हे मला तेव्हा सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं. जाऊ दे.

मला सगळ्यात लागलं ते बेथानी गावातल्या बाईचं. मार्काच्या 14व्या अध्यायात ती बाई जटामांसीच्या तेलाची कुपी फोडून प्रभूच्या मस्तकावर ओतते. जेवायला बसलेले कुरकुरतात, तेव्हा प्रभू म्हणतो, जगात जिथं जिथं सुवार्ता सांगतील तिथं तिथं हिनं केलेलं हिच्या आठवणीसाठी सांगतील. हिच्या आठवणीसाठी! आणि मार्क घर कोणाचं ते लिहितो, शिमोन कुष्ठरोग्याचं. तेलाची किंमत लिहितो, तीनशे दीनारांच्या वर. तिचं नाव तेवढं लिहीत नाही. योहानानं सांगितलं म्हणून आपण मरीया म्हणतो. काल ज्वारीचं पोतं कोणाचं ते दोनदा सांगितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हेच का आलं ते आज कळलं.

इथवर लिहून थोडी रडले. हे घोरतायत, बरं आहे.

पण एक गोष्ट मी सोडून चालले होते. बारा वर्षं रक्तस्राव होणारी ती बाई. तिचं दुखणं मला ठाऊक आहे, बारा नाही पण चौदा महिने ठाऊक आहे, आणि वैद्यांपायी जवळचं सगळं घालवूनही जास्तच आजारी होणं हेही. ती गर्दीत मागून येऊन कपड्याला हात लावते. याईर पुढं घाई करत असणार, सभास्थानाचा अधिकारी, त्याची बारा वर्षांची मुलगी मरायला टेकलेली. आणि प्रभू थांबतो. मला कोणी शिवलं? शिष्य म्हणतात, एवढी गर्दी अंगावर येतेय आणि शिवलं कोणी म्हणून काय विचारतोस? पण तो तिला बघायला सभोवार नजर फिरवत राहतो. शिष्यांना गर्दी दिसत होती. त्याला त्या गर्दीत एक बाई कमी होती, ती सापडेपर्यंत तो हलला नाही. मग ती कापत पुढं आली आणि तिनं सगळी हकीकत सांगितली, सगळी, सर्वांदेखत, आणि त्यानं ती ऐकून घेतली. "मुली," म्हणाला. याच्या पुढं मला काही म्हणायचं नाही. लिहिणाऱ्यांनी नावं गाळली असतील, त्यानं कुणाला गाळलं असं मला एकाही पानावर सापडलं नाही.

पुण्याला जाताना केडगाव स्टेशन येतं, तेव्हा आई खिडकीतून हात जोडायची. पंडिता रमाबाईंनी तिथं बसून हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या, त्याआधी भाषांतर हातावेगळं केलं होतं. छापखान्यात काम करणाऱ्याही तिथल्याच बायका आणि मुली. म्हणजे 'बायका-मुलं सोडून' ही ओळसुद्धा त्यांनी आपल्या हातानं लिहिली, आणि कुणा मुलीनं तिचा छपाईचा एकेक खिळा जुळवला. लेखणी थांबली असेल का त्यांची? त्यांनी ती बदलली मात्र नसणार. जे आहे ते तसंच लिहिणाऱ्या बाई होत्या.

संध्याकाळी चारी शुभवर्तमानं समोर ठेवून पुन्हा बघितली. ही भाकरींची गोष्ट चौघांनीही सांगितलीय. मार्क, लूक, योहान, तिघंही पाच हजार पुरुष सांगून थांबतात. बायकांचा शब्दच नाही. एकटा मत्तय लिहितो की हे बायका-मुलं सोडून. पुढच्या अध्यायात चार हजारांची गोष्ट येते, तिथंही तोच शब्द. आणि मत्तय कोण, तर जकात नाक्यावर बसणारा. आकडे लिहिण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्याला कळलं की हा हिशेब पुरा नाही, आणि त्यानं ते लिहून ठेवलं. काल ज्या ओळीनं हात थांबला, तीच ओळ आज मला जवळची वाटायला लागली. त्या गवतावर आपण होतो हे तिच्यामुळं तर कळतं.

योहानात त्या भाकरी एका पोराकडच्या आहेत, जवाच्या, म्हणजे गरिबाघरच्या. घरातून निघताना त्या फडक्यात कुणी बांधून दिल्या ते कुठंही लिहिलेलं नाही. मला विचारायची गरज वाटत नाही.

म्हणून म्हटलं, आपणच लिहू. महिला मंडळाच्या वहीत कालच्या बावीस जणींची नावं, नवऱ्याच्या नावावाचून, स्वतःची. दहापर्यंत भरभर लिहिली. पाळकबाईंचं नाव लिहिताना थोडं थांबायला लागलं, इतकी वर्षं पाळकबाईच म्हणतोय. विसावर येऊन ह्यांना उठवलं, एकवीस झाली. बाविसावं नाव येईना.

अक्का. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन ज्यांनी चुली पेटवल्या, शेवटी पातेली घासली आणि सगळे घरी गेल्यावर शेड झाडली, त्या. अशोक चौकाच्या पलीकडून येतात, घरी विड्या वळतात. पंधरा वर्षं एका बाकावर बसतो आम्ही. त्यांच्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याला मी शिरा केला होता. आणि मला त्यांचं नाव माहीत नाही. अक्का, अक्का. अक्का म्हणजे तरी काय, बहीण. भगिनी.

ओळ रिकामी ठेवलीय. उद्या दुपारी त्या विड्या द्यायला कारखान्यावर जातात, त्याच्या आधी गाठायला हवं. उरलेल्या भाकऱ्या कडक करून ठेवल्यात, त्यातल्या दहा आणि शेंगाची चटणी बांधून नेईन. नाव त्यांनाच वहीत लिहायला सांगावं का मी लिहावं, ते तिथं गेल्यावर बघू.