शार्लव्हिलचा विटांचा चौक: जाणार असाल तर

पॅरिसमध्ये प्लास दे व्होझ हा विटांच्या घरांचा जुना चौक असताना तसाच चौक बघायला पार फ्रान्सच्या टोकाला, बेल्जियमच्या सीमेजवळ कशाला जायचं, हा बरोबरच्या मंडळींचा प्रश्न रास्तच होता. माझं उत्तर एवढंच, की पॅरिसचा चौक आता कुंपणातली बाग झालाय. शार्लव्हिल-मेझिएरचा प्लास द्युकाल अजून गावाचा चौक आहे. मधे झाडं नाहीत, त्यामुळे समोरची अख्खी रांग एका नजरेत येते.

शार्ल द गोंझाग या ड्यूकने 1606 मध्ये हे गाव कोऱ्या जमिनीवर आखून वसवलं आणि त्याला आपलंच नाव दिलं. आराखडा वास्तुकार क्लेमाँ मेतेझोचा. प्लास दे व्होझशी ज्याचं नाव जोडलं जातं तो लुई मेतेझो हा क्लेमाँचा भाऊ, तेव्हा सारखेपणाचं नवल नको. चौक साधारण 126 मीटर लांब, 90 मीटर रुंद. रेनेसाँसच्या, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या, शेवटच्या टप्प्यातली शिस्त इथे पक्की दिसते: खाली कमानींची ओवरी, वर लाल वीट, कोपऱ्यांना आणि खिडक्यांभोवती पिवळसर दगड, माथ्यावर जांभळट-निळी स्लेट, म्हणजे पाटीचा दगड. दगड आणि स्लेट दोन्ही इथल्याच आर्देन भागातले.

पण बघायचं ते छप्पर. घरं एकमेकांना चिकटलेली असली तरी प्रत्येकाला स्वतःचं उंच, उभट छप्पर आहे. रांग एकसंध असूनही घरं वेगवेगळी मोजता येतात ती त्यामुळेच. काही छपरांच्या खिडक्या नंतरच्या मालकांनी बदलल्या, तिथे लय मोडलेली चटकन कळते. हे दिसायला ओवरीतून बाहेर पडून मध्यभागी उभं राहावं लागतं; बहुतेक लोक कॉफी घेऊन कमानीखालीच बसतात, आणि तिथून फक्त समोरची बाजू दिसते.

पश्चिमेची बाजू खटकेल. तिथे ड्यूकचा राजवाडा व्हायचा होता, तो झालाच नाही. आज उभी आहे ती एकोणिसाव्या शतकातली नगरपालिकेची इमारत. वाईट नाही, पण पाहुणी वाटते. मी तिच्याकडे पाठ करून पूर्वेची रांग बघत बसलो. उन्हं कलली की विटा खऱ्या अर्थाने लाल होतात, म्हणून चौकासाठी संध्याकाळ राखून ठेवा आणि संग्रहालयं दिवसा उरका.

पॅरिसच्या गार द लेस्ट स्टेशनवरून थेट टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान गाडी, पावणेदोन तासांच्या आसपास पोहोचवते, पण थेट गाड्या मोजक्याच. चुकली तर वाटेतल्या रँस शहरात बदलून लोकल गाडी घ्यावी लागते. परतीची वेळ आधीच बघून ठेवा. स्टेशनपासून चौक चालत जाण्याजोगा आहे.

चौकातून र्यू द्यू मुलॅं या रस्त्याने खाली गेलं की म्यूज नदीवर जुनी पाणचक्की लागते. तिच्यात कवी आर्थर रँबोचं संग्रहालय आहे. त्याचा जन्म याच गावचा, 1854 चा. सोमवारी ते बंद असतं. चौकाजवळच बाहुलीनाट्य संस्थेच्या दर्शनी भागावर दहा मीटर उंचीचा यांत्रिक बाहुलीवाला आहे. दिवसा दर तासाला त्याचा छोटा खेळ होतो, मुलं बरोबर असतील तर चुकवू नका. विषम वर्षांच्या सप्टेंबरमध्ये इथे जागतिक बाहुलीनाट्य महोत्सव भरतो. तेव्हा गावात खोली मिळणं कठीण, आणि शांतपणे विटा बघणं त्याहून कठीण.

शाकाहारींनी जपून. इथला बटाट्याचा प्रसिद्ध रस्सा, काकास आ क्यु न्यू, नावाला बिनमांसाचा. पण भांड्याला डुकराची चरबी चोळायची जुनी रीत आहे, आणि हल्ली त्यात सॉसेजही पडतं. विचारूनच मागवा. गोड हवं असेल तर साखरेची गालेत, म्हणजे साखर घातलेला मऊ गोड पाव, घ्या, अंडं चालत असेल तर.