दुसरा घटक, त्याच डिरेक्टरीत

ग्राहकाचा डेटा रात्री ओढायचा तर आधी त्यांच्या व्हीपीएनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून त्यांच्या नेटवर्कात नेणाऱ्या सुरक्षित बोगद्यात, शिरावं लागतं, आणि त्यासाठी पासवर्डला जोडून ओळखीचा दुसरा घटक म्हणून सहा आकडी कोड द्यावा लागतो. तो कोड रात्रपाळीचा माणूस मोबाइलमध्ये बघून टाकायचा. रात्रपाळीच बंद झाली, आणि मला निरोप आला: ‘स्क्रिप्ट लिहून टाक.’

स्क्रिप्ट अवघड नव्हती. हा कोड कुणी पाठवत नाही. आरएफसी ६२३८ या इंटरनेट मानकाप्रमाणे (२०११ सालचं आहे ते) दोन्हीकडे ठेवलेलं सीक्रेट, म्हणजे एक गुप्त किल्ली, आणि घड्याळातली ३० सेकंदांची खिडकी यांवरून तो दोन्हीकडे आपापला काढला जातो. असे कोड काढणाऱ्या ओथटूल या प्रोग्रामला एक ओळ पुरते. फक्त ते सीक्रेट कमांडलाइनवर लिहायचं नाही, नाहीतर त्या मशीनवर पीएस (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी कमांड) मारणाऱ्या कुणालाही दिसतं. जिकडेतिकडे फिरणाऱ्या तयार स्क्रिप्टांत नेमकं तेच केलेलं असतं. शिवाय एकदा चाललेला कोड सर्व्हर दुसऱ्यांदा घेत नाही. कनेक्शन पडल्यावर पुढच्या खिडकीपर्यंत थांबावंच लागतं. ‘सिस्टमडीला रिस्टार्ट ऑलवेज सांग की’, म्हणजे पडला प्रोग्राम की लगेच पुन्हा सुरू कर, म्हणणाऱ्या सहकाऱ्याचं ऐकलं असतं, तर तोच कोड पुन्हा पुन्हा जाऊन खातं पहाटेपर्यंत लॉक.

तरीही बोगदा बरोबर तासाभराने पडायचा. नेटवर्कवाले म्हणाले, तुमची लाइन बघा. लाइन कशी असेल? लाइन घड्याळ लावून तुटत नाही. त्यांचं व्हीपीएन सॉफ्टवेअर ओपनव्हीपीएन मुळातच दर ३६०० सेकंदांनी एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बदलतं, आणि तेव्हा क्लायंट लक्षात ठेवलेला पासवर्ड, म्हणजे तासापूर्वीचा शिळा कोड, पुन्हा पाठवतो. माणूस असता तर चरफडत नवा टाकला असता. आमच्याकडे रेनेग-सेक (ही मुदत ठरवणारी सेटिंग) शून्य करून, म्हणजे बंद करून, भागत नाही, कारण ज्या टोकाची मुदत आधी संपते ते बोलणी सुरू करतं. सर्व्हरवर ऑथ-जेन-टोकन ही एक ओळ हवी होती; तिने पहिल्या लॉगिननंतर सर्व्हर एक तात्पुरतं टोकन देतो आणि पुढे पासवर्डऐवजी तेच चालतं. ती त्यांनी घातली आणि काम सकाळपर्यंत अखंड चाललं.

मग त्यांच्या सुरक्षा विभागातल्या मॅडमचा फोन आला.

“सीक्रेट कुठे ठेवलंय?”

“रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, फाइलमध्ये; परवानगी ६००, म्हणजे इतर कुणाला वाचता येत नाही.”

“आणि पासवर्ड?”

“त्याच डिरेक्टरीत.”

“मग दुसरा घटक कुठला?”

मी म्हटलं, नुसता पासवर्ड चोरणारा अजूनही बाहेरच राहतो. हे खोटं नाही. पण रूट मिळवणाऱ्याला दोन्ही एका झटक्यात मिळतात, हेही खरंच. त्यावर मी सीक्रेट टीपीएमने (मशीनमधल्या सुरक्षा चिपने) एन्क्रिप्ट केलं. डिस्क चोरून उपयोग नाही, पण चालू मशीनवरच्या रूटला ते काय अडवणार? मुळात माणसासाठी बांधलेल्या दारातून मशीनला आत न्यायचं, तर त्याला माणसाचं सोंग द्यावंच लागतं. म्हणून मी सुचवलं: मशीनला त्याचं स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, द्या, एकाच पत्त्यावरून आणि एकाच पोर्टपुरतं. मॅडमना हे पटलं. असं फार क्वचित होतं.

तसा अर्ज केला. तोवर स्क्रिप्टच रोज रात्री कोड काढून आत शिरते आहे. अर्ज परवा परत आला: वापरकर्त्याचा मोबाइल क्रमांक भरलेला नाही, आणि तो रकाना अनिवार्य आहे.