"ये डाटा यहाँ नहीं मिलता, ऊपर जाइए"

हे वाक्य आमच्या इंदूरच्या एका सरकारी आरोग्य कार्यालयात मी इतक्या वेळा ऐकलं, की आता कोणी साधं "वर या" म्हटलं तरी डोकं तापतं.

मागणी फार मोठी नव्हती. आमच्या कॉलनीतला रस्ता रुंद करून मालवाहू गाड्या तिकडून वळवायचा प्रस्ताव होता. त्याच रस्त्यावर शाळा आहे, एक छोटं नर्सिंग होम आहे आणि सकाळी फिरणारी म्हातारी मंडळी आहेत. गाड्या कुठून तरी जाणारच, हे आम्हालाही कळतं. पण निर्णयाआधी लोकांच्या तब्येतीवर काय परिणाम होईल ते कोणी तरी कागदावर मांडावं, एवढंच म्हणणं होतं. याला आरोग्य परिणाम मूल्यांकन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपातल्या केंद्राने १९९९ साली गोथेनबर्ग मसुद्यात त्याची चौकट मांडली. थायलंडमध्ये तर २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याने नागरिकांना ते मागायचा हक्कच दिला आहे. आपल्याकडे आहे ती पर्यावरण परिणामांची २००६ ची अधिसूचना, आणि तिच्या यादीत महामार्ग येतात, कॉलनीतला रस्ता येत नाही. मग काय, आम्हीच करायला घेतलं.

कोणाकोणावर परिणाम होईल, काय काय तपासायचं, हे सगळं जोशीवहिनींच्या ओट्यावर चहा पिता पिता ठरलं. अडलं ते पुढे. आज या भागात खोकला, दमा, न्यूमोनिया किती आहे? हा पाया नसेल तर "गाड्या आल्यावर वाढेल" या म्हणण्याला कोण विचारतो?

म्हणून त्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाबूने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि वर पाठवलं. वरच्यांनी सांगितलं, हे महापालिकेचं काम. महापालिकेने परत इकडेच पाठवलं. शेवटी माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज टाकला: आमच्या वॉर्डातल्या श्वसनाच्या तक्रारी, महिन्यानुसार, नावं वगळून. उत्तर आलं एका ओळीचं. "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." कायद्याने ते बरोबरही आहे. जे कागद त्यांच्याकडे आहेत तेच द्यायचे असतात, तुमच्यासाठी नवीन तक्ता बनवून द्यायचं बंधन नाही. पण मग आधीच्या खिडकीवर हे एकानेही का सांगितलं नाही?

मार्ग दाखवला तो शेजारच्या कुलकर्णीकाकांनी. आयुष्य सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेलेलं. म्हणाले, "अरे, किती ते विचारू नकोस. जो कागद नेमाने वर जातो त्याची नक्कल माग." रोग सर्वेक्षणाचा 'पी फॉर्म' म्हणून एक ठरलेला नमुना असतो. डॉक्टरने लक्षणं तपासून नोंदवलेले रुग्ण त्यात आजारवार मांडतात, आणि श्वसनाच्या संसर्गाची व न्यूमोनियाची ओळ त्यात वेगळी असते. त्या कागदाचं नाव अर्जात आलं आणि खिडकीवरचा आवाजच बदलला. सोबत माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(j) खाली नोंदवह्या प्रत्यक्ष पाहायची परवानगीही मागा. आम्ही मागितली, आणि एका दुपारी एका कोपऱ्यात स्टूल मिळालं.

त्या नोंदवहीत मात्र नवीनच घोटाळा निघाला. पत्त्याच्या रकान्यात पानंच्या पानं नुसतं "इंदौर" लिहिलेलं. कुठे मोहल्ला लिहिलाय, तोही एकाच कॉलनीचा तीन तऱ्हांनी. त्यात शहरी आरोग्य केंद्र साधारण पन्नास हजार लोकांमागे एक, आणि शहरात वॉर्ड पंच्याऐंशी. केंद्राची हद्द आणि वॉर्डाची हद्द जुळतच नाही. आमचे निम्मे लोक तर खाजगी डॉक्टरकडे जातात, ते या वहीत येणार कुठून? इतकी वणवण करून हाती आलं ते अख्ख्या केंद्राचं चित्र. आमच्या रस्त्याचं वेगळं काही निघेना. तेही वापरलंच, पण त्याच्या मर्यादा अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहून टाकल्या. समोरच्याने काढण्याआधी आपणच सांगितलेलं बरं. त्या एका ओळीच्या उत्तराविरुद्ध पहिलं अपील टाकलं होतं, त्याचा निकाल रस्त्याच्या प्रस्तावावरची बैठक होऊन गेल्यावर आला आणि त्यात लिहिलं होतं, "संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा." आता यावर काय बोलायचं!

मग घरोघरी फिरून स्वतःच विचारलं. घरात इनहेलर कोणाला लागतो, शाळेची मुलं रस्ता कुठे ओलांडतात, रात्री खिडकी उघडी असते का. हे काम बायकांनी आमच्यापेक्षा कितीतरी नीट केलं.

आठवलं म्हणून सांगतो. शाळा आहे म्हणजे आपोआप शांतता क्षेत्र, असं समजू नका. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर केलेलं असावं लागतं. जाहीर असेल तर आवाजाची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. मोबाइलवरच्या अॅपचं मोजमाप कोणी मानत नाही, पण गाडी गेल्यावर आकडा कसा उसळतो ते बैठकीत दाखवायला कामाला येतं. हवेसाठी इंदूरच्याच छोटी ग्वालटोलीतल्या हवा मोजणाऱ्या केंद्राचे आकडे मिळतात, पण ती हवा आमच्या रस्त्याची नाही. आणि हवेतले सूक्ष्म कण (पीएम २.५) कुठल्या पट्टीने मोजताय ते आधी लिहा. आपलं वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून ५. नाही तर "मर्यादेत आहे" म्हणून साहेब मोकळे.

बैठकीत रस्ता रुंद व्हायचा तो मंजूर झालाच. पण शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी मालवाहू गाड्या बंद, हे मान्य झालं. कबुली तोंडी नको म्हणून जोशीवहिनी इतिवृत्तात ते वाक्य चढेपर्यंत खुर्चीवरून उठल्या नाहीत. सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात काढून घेतली, आणि आता ती शाळेच्या चौकीदाराकडे असते. ट्रकवाला हुज्जत घालायला लागला की तो आधी प्रत दाखवतो, मग शिट्टी वाजवतो.